मॉन्स्टर हंटर नाऊ: नव्या शिकाऱ्याने सुरुवात कशी करावी

फोनवर फुकट मिळणारा ‘मॉन्स्टर हंटर नाऊ’ सुरू केला की ओळखीची माणसं मला दोनच गोष्टी विचारतात. पैसे न घालता यात पुढे जाता येतं का? आणि हे एवढं साहित्य गोळा होतंय, त्याचं करायचं काय? पहिल्याचं उत्तर हो असं आहे. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे आणि तेच सांगायला हे लिहितेय.

मी टोकियोत निशी-कासाईला राहते. एडोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय कुटुंबं पुष्कळ, त्यात मराठीही बरीच. कामावर जाता-येता आणि संध्याकाळी ग्योसेन पार्कात फेरी मारताना हा खेळ चालू असतो. माझा भाचा मिरजेत तोच खेळ खेळतो. त्यामुळे शिकाऱ्यांनी गजबजलेल्या शहरात तो कसा चालतो आणि आसपास दुसरा कुणीच खेळत नसेल तिथे कसा चालतो, हे दोन्ही माझ्या पाहण्यात आहे.

ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘मॉन्स्टर हंटर’ ही कॅपकॉम या जपानी कंपनीची मालिका, पहिला खेळ 2004 साली प्लेस्टेशन 2 वर आला. प्रचंड जनावरं, त्यांची शिकार, मिळालेल्या खवल्या-हाडांपासून पुढचं हत्यार आणि मग त्याहून मोठं जनावर, हे चक्र तेव्हापासून तसंच आहे. मोठ्या खेळांत एका शिकारीला 50 मिनिटांपर्यंत वेळ मिळतो. ‘नाऊ’मध्ये 75 सेकंद. पोकेमॉन गो बनवणाऱ्या नायॅन्टिकने कॅपकॉमच्या साथीने 14 सप्टेंबर 2023 ला हा आणला, म्हणून नकाशा खऱ्या रस्त्यांचा आहे आणि मॉन्स्टर गाठायला खरोखर चालावं लागतं. 2025 मध्ये नायॅन्टिकने आपले खेळ स्कोपली या कंपनीला विकले. त्यात हाही गेला.

पहिल्याच दिवशी मला भावलं ते जनावरांचं वागणं. सव्वा मिनिटात काय लढाई होणार, असं वाटतं. पण ग्रेट जाग्रास हा पहिला मोठा सरडा अंगावर यायच्या आधी कसा मागे सरकतो, वजन कुठल्या पायावर घेतो, हे सगळं त्या सव्वा मिनिटात दिसतं. हे पाहायची सवय लागली की निम्मा खेळ आला.

आधी बोटं वळवा

लढाई अंगठ्यावर चालते. टॅप केलं की वार, स्वाइप केलं की त्या दिशेला उडी. बोट दाबून धरलं तर काय होतं ते हत्यारावर अवलंबून: ढाल-तलवारीला ढाल वर येते, ग्रेट स्वोर्डला वारात ताकद साठत जाते. सुरुवातीला हातात ढाल-तलवारच असते. बाकीची हत्यारं कथेच्या ओघात खुली होतात.

नव्या माणसाचा कल सतत टॅप करत राहण्याकडे असतो. मॉन्स्टर किती कठीण ते ताऱ्यांवरून कळतं; एक तारा, दोन तारे अशा मॉन्स्टरपुढे ते खपून जातं. तीन ताऱ्यांनंतर तीच सवय महागात पडते. म्हणून सोपे मॉन्स्टर आहेत तोवरच त्यांचा सरावासाठी उपयोग करून घ्या. जाग्राससमोर उभं राहायचं आणि पहिले काही सेकंद एकही वार करायचा नाही. फक्त बघायचं. हल्ल्याच्या ऐन आधी मॉन्स्टरच्या अंगावर लाल झाक चमकते. ती दिसली की बाजूला स्वाइप. घाई केलीत तर उडी संपते आणि जनावर तुमच्यावर येऊन पडतं. उशीर केलात तर अर्थातच मार. अचूक क्षणी साधली की खेळच तसं दाखवतो आणि पुढचे दोन-तीन वार तुम्हाला मोकळे मिळतात. कबड्डीत चढाईला आलेल्या गड्याचे पाय बघायचे, हात नव्हे, असं आम्हाला शाळेत शिकवायचे. इथे तेच लागू पडतं: तोंडाकडे बघू नका, पाय आणि शेपटी बघा.

कुठे उडी मारायची तेही महत्त्वाचं. मागे उडी मारावीशी वाटते, पण मागे गेलात की परत जवळ येण्यात सेकंद जातात, आणि मोजून 75 आहेत. तिरकं पुढे, त्याच्या बगलेत शिरा. बहुतेक हल्ले समोरच्या बाजूला होतात, त्यामुळे बगलेत तुम्ही सुरक्षित असता आणि वारही चालू राहतो.

आता कुलु-या-कु. हा पक्ष्यासारखा, दिसायला गमतीदार, पण पहिला खरा मास्तर हाच. लढता लढता तो जमिनीतून दगड उपसतो आणि दोन्ही पंजांत छातीशी धरतो. मग त्याच्यावर मारलेले वार दगडावर खणखणतात. भाच्याने मिरजेहून फोन केला, “मावशी, याला लागतच नाहीये काही! माझी तलवार बिघडली का?” मी म्हटलं, “तलवार ठीक आहे रे, तू समोरून मारतोयस. दगड उचलला की मागे जा, शेपटीकडून मार.” तो ओरडला, “पडला, पडला!” आणि फोन कट. तर कुलुने दगड धरला की दोन वाटा आहेत. मागून मारत राहायचं, किंवा हातात हॅमरसारखं जड हत्यार असेल तर दगडच फोडायचा. फुटला की कुलु भांबावतो, आणि त्या वेळात चोचीवर जेवढं मारता येईल तेवढं मारून घ्यायचं.

चोचीवर का? कारण मॉन्स्टरचे अवयव वेगवेगळे फुटतात आणि ठरावीक अवयव फुटला की ठरावीक साहित्य मिळायची शक्यता वाढते. नुसतं मारून टाकलं तर जे हाती लागेल ते घ्यावं लागतं. तुम्हाला काय हवंय ते शिकारीआधीच हत्याराच्या पानावर बघा आणि त्याच अवयवामागे लागा.

एक हत्यार, एवढंच

या मार्गदर्शनातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू दे: पहिला महिनाभर एकच हत्यार वाढवा.

कारण असं. हत्यारं आणि चिलखताचे तुकडे 10 श्रेणींतून वर जातात आणि प्रत्येक श्रेणीत 5 पायऱ्या असतात. सुरुवातीच्या पायऱ्या चार हाडं आणि थोड्या खनिजात होतात, त्यामुळे वाटतं की सगळंच वाढवूया. लाँग स्वोर्ड सुंदर दिसतेय, धनुष्यही करून बघू. पण पाचव्या श्रेणीच्या आसपास गाडं अडतं. दुर्मीळ साहित्य लागतं, रिफायनिंग पार्ट्स नावाचं वेगळं साहित्य लागतं, आणि झेनी, म्हणजे खेळातला पैसा, पाण्यासारखा जातो. चार हत्यारं तिसऱ्या श्रेणीवर असलेल्या शिकाऱ्याला चार ताऱ्यांचा मॉन्स्टर 75 सेकंदांत पडत नाही. एकच हत्यार पाचवर असलेला तोच मॉन्स्टर आरामात पाडतो. मॉन्स्टर पडला नाही तर मोठं साहित्य मिळत नाही, आणि साहित्य नाही तर हत्यार वाढत नाही. या कोंडीत सापडलेले लोक मग दुकानाचं बटण दाबतात.

मग कुठलं हत्यार निवडायचं? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. पुकेई-पुकेई हा सरड्यासारखा डोळे गरगरणारा मॉन्स्टर लवकर भेटतो. त्याच्या साहित्यातून विषारी हत्यार बनतं. पुरेसे वार बसले की मॉन्स्टरला विष चढतं आणि तुम्ही उड्या मारत जीव वाचवत असतानाही त्याचं आरोग्य झिजत राहतं. ज्याला अजून नेमका क्षण साधत नाही त्याला याचा फार आधार होतो. शिवाय विषाला मॉन्स्टरची जात बघावी लागत नाही, बहुतेकांपुढे ते चालतं. पुकेईची ढाल-तलवार किंवा पुकेईचं धनुष्य, यातलं एक घ्या आणि त्यालाच धरून राहा. धनुष्याने लांबून लढता येतं, पण फार लांबून बाणाचा जोर कमी होतो, मध्यम अंतर राखावं लागतं. ज्यांचा अंगठा उडीत कच्चा आहे त्यांनी ढाल-तलवारच घ्यावी. ढाल पुष्कळ वाचवते.

पुढे, सहा-सात ताऱ्यांच्या टप्प्यावर, विष पुरत नाही. मग मूलतत्त्वांचा हिशोब सुरू होतो: ग्रेट जाग्रासला आग लागते, पुकेईला वीज, आग ओकणाऱ्या आंजानाथला पाणी. आगीची हत्यारं आंजानाथकडून मिळतात, विजेची तोबी-कदाचीकडून, पाण्याची जुराटोडसकडून, बर्फाची लेजियानाकडून. तोपर्यंत तुमच्याकडे झेनीही जमलेली असते आणि आपल्याला कसं लढायला आवडतं तेही कळलेलं असतं. दुसरं हत्यार तेव्हा.

चिलखताबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाच तुकडे असतात: डोकं, छाती, हात, कंबर, पाय. पहिल्या टप्प्यात सगळं साहित्य हत्याराकडे वळवा, चिलखताला उरलंसुरलं. जो तुकडा वाढवाल त्याचं कौशल्य वाचून घ्या. काही कौशल्यं वरच्या श्रेणीतच खुली होतात, ती कुठल्या श्रेणीत ते तुकड्याच्या पानावर आधीच लिहिलेलं असतं.

आणि साहित्याची पेटी. ती भरते, लवकर भरते. वाढवायला रत्नं, म्हणजे झेनीखेरीज खेळातलं दुसरं चलन, लागतात. हाडं, वनस्पती, खनिजं यांचे ढीग साठवून ठेवण्यात अर्थ नाही. वाटेवर गोळा करण्याच्या जागा काही वेळाने पुन्हा भरतात. मोठ्या मॉन्स्टरचं दुर्मीळ साहित्य मात्र कधी टाकू नका, आज उपयोगाचं नसलं तरी.

चालणं

नकाशा जंगल, वाळवंट, दलदल अशा पट्ट्यांत विभागलेला असतो आणि हे पट्टे रोज बदलतात. आज तुमच्या इमारतीभोवती वाळवंट असेल तर उद्या दलदल. म्हणून ‘डायब्लोस (हा वाळवंटातला मॉन्स्टर) कुठे मिळेल’ याचं उत्तर जागेत नसतं, त्या दिवसाच्या नकाशात असतं. वाळवंट कुठे आलंय ते सकाळी बघा आणि कामावर जाण्याची वाट त्यातून काढता येते का पाहा. मी ग्योसेन पार्काला कधी तलावाच्या बाजूने, कधी छोट्या प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने फेरी घालते ती याच हिशोबाने.

घरी बसूनही एखादा मॉन्स्टर दाराशी येतो, नाही असं नाही. पण खरी भर पडते ती पेंटबॉलमुळे. यातला एक प्रकार तुमची मांजर, म्हणजे पॅलिको, आपणहून वापरते. फोन खिशात, खेळ बंद, तुम्ही चालताय, आणि ती वाटेतल्या मॉन्स्टरवर खूण करून ठेवते. नंतर ठरावीक मुदतीत तो मॉन्स्टर तुम्ही कुठूनही लढू शकता. यासाठी सेटिंगमध्ये ॲडव्हेंचर सिंक चालू करा आणि ठिकाणाची परवानगी ‘कायम’ वर ठेवा. खेळ उतरवल्यावर करायचं पहिलं काम हेच. अनेकजण परवानगी नाकारतात आणि मग इतरांना इतके मॉन्स्टर कसे मिळतात म्हणून चकित होतात. दुसरा पेंटबॉल आपण स्वतः मारायचा असतो. तो मोजका मिळतो, म्हणून हव्या त्या साहित्याच्या मॉन्स्टरसाठीच राखून ठेवा.

यावरून माझी पद्धत अशी बसली: चालताना फोन खिशात, बसल्यावर शिकार. तोझाई लाइनच्या गर्दीत उभ्याने 75 सेकंद दोन्ही हात अडकवून घेणं शहाणपणाचं नाही, बाकावर बसून मात्र तीन-चार शिकारी सहज होतात. जपानमध्ये चालता चालता फोन बघण्याविरुद्ध स्टेशनांवर सतत सूचना असतात. कानागावा प्रांतातल्या यामातो शहराने तर 2020 मध्ये त्याविरुद्ध नियमच केला. आपल्याकडे फुटपाथ कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो तेच समजत नाही, तिथे तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. भाच्याला आमची ताकीद आहे: तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीतून क्लासला जाताना फोन खिशात, मैदानात पोचलं की बाहेर. दुचाकीवर तर अजिबात नाही, मागे बसूनसुद्धा नाही.

शिकारीआधी आरोग्याची पट्टी भरलेली आहे ना ते बघायची सवय लावा. फर्स्ट-एड मेड, म्हणजे आरोग्य भरणारं छोटं औषध, रोज फुकट मिळतात, ते आधी वापरा. पोशन, म्हणजे मोठं औषध, कठीण मॉन्स्टरसाठी ठेवा. वेळ असेल तर काहीच वापरू नका, आरोग्य हळूहळू आपणहून भरतं.

बॅटरी जोरात उतरते. सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा आणि फ्रेम रेट कमी केला की फरक पडतो. जुन्या फोनवर तो कमी ठेवलेलाच बरा, कारण लढाई अडखळली तर उडीचा नेमका क्षण कधीच साधणार नाही.

पैसे

रत्नं विकत घेता येतात. त्यातून पोशन, पेंटबॉल, पेटीची वाढीव जागा आणि कथा-हंगामाचे पास येतात. पहिल्या काही महिन्यांत यातलं काहीही लागत नाही. हत्याराची ताकद मॉन्स्टरच्या साहित्यातून येते आणि ते मारूनच मिळवायचं असतं. विकत मिळतो तो मुख्यतः वेळ. माझा आग्रह आहे की किमान पाच ताऱ्यांचे मॉन्स्टर एकट्याने पाडेपर्यंत एक रुपयाही घालू नये, कारण त्याआधी आपल्याला कशाची कमतरता आहे हेच ठाऊक नसतं. पोशन कमी पडताहेत असं वाटतं, खरं म्हणजे उडी कमी पडत असते.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच धाटणीचा ‘डॉन्टलेस’ नावाचा फुकट खेळ होता, कॅनडातल्या फिनिक्स लॅब्जचा, संगणक आणि कन्सोलवर चालणारा. पुष्कळ लोक त्यावर जीव टाकायचे. 29 मे 2025 ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि लोकांनी विकत घेतलेलं, कमावलेलं सगळं त्याबरोबर गेलं. सर्व्हरवर चालणाऱ्या खेळात घातलेला पैसा हा तिकिटाचा पैसा समजावा. सिनेमा आवडला तर तिकीट वसूल, पण खुर्ची घरी नेता येत नाही. मुलांना खेळायला देणाऱ्या आई-वडिलांनी फोनवर खरेदीला पासवर्ड लावून ठेवावा.

सोबतीने शिकार

एका मॉन्स्टरवर चारजणांपर्यंत एकत्र तुटून पडता येतं आणि प्रत्येकाला आपापलं साहित्य मिळतं, वाटून घ्यावं लागत नाही. निशी-कासाईत संध्याकाळी एखाद्या मोठ्या मॉन्स्टरवर टॅप करून समूह शिकार निवडली की बहुधा कुणीतरी येतंच. ग्योसेन पार्कात एक निवृत्त आजोबा रोज भेटतात. आम्ही एकमेकांना फक्त मान लवून ओळखतो, पण त्यांचा हॅमर नेहमी मॉन्स्टरच्या डोक्याशी असतो आणि मी शेपटीशी. डोक्यावर हॅमर पुरेसा बसला की मॉन्स्टर चक्कर येऊन कोसळतो. मग दोघंही मोकळेपणी मारतो. हातात ज्या प्रकारचं हत्यार असेल त्याप्रमाणे आपली जागा घ्यायची, दुसऱ्याच्या जागेत घुसायचं नाही, हा इथला न सांगितलेला शिरस्ता आहे. जपानी लोकांना याची जुनी सवय आहे; प्लेस्टेशन पोर्टेबल या हातातल्या यंत्राच्या काळात लोक कॅफेत, शाळेच्या आवारात चार-चारच्या टोळ्या करून याच मालिकेचे खेळ खेळायचे.

मिरजेत असं कुणी आपसूक येत नाही. तिथे दोन उपाय. पहिला, समूह शिकारीची वाट पाहत वेळ घालवू नका. एकट्याला झेपेल तो तारा निवडा. मॉन्स्टरवर टॅप केल्यावर तारे दिसतात आणि तुमच्या हत्याराच्या मानाने तो जड आहे का तेही खेळ सांगतो. वरच्या ताऱ्याला भिडून वेळ संपवण्यापेक्षा खालच्या ताऱ्याचे तीन पाडलेले बरे, साहित्य जास्त जमतं.

दुसरा उपाय घरात आहे. शेजारी बसलेल्या माणसाला क्यूआर कोडने आपल्या गटात घेता येतं. गेल्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा भाच्याने त्याच्या आईच्या फोनवर खेळ उतरवून दिला, म्हणजे माझ्या बहिणीच्या. तिला दोनच गोष्टी शिकवल्या: लाल चमकलं की बाजूला स्वाइप, बाकी वेळ टॅप. आम्ही दोघं समोर उभं राहून मॉन्स्टरला गुंतवायचो आणि ती मागून मारायची. नव्या माणसाला घेताना अशीच वाटणी करा. ज्याला अनुभव आहे त्याने मॉन्स्टरच्या नजरेसमोर राहायचं, नवख्याला बगल किंवा शेपटी द्यायची, आणि तारा नवख्याच्या हत्याराकडे बघून निवडायचा, आपल्या नव्हे. गटात एकाकडे ग्रेट गिरोसचं लकवा आणणारं हत्यार असेल तर फारच सोयीचं, मॉन्स्टर काही सेकंद जागीच आखडतो आणि नवख्यालाही मोठे वार करायला मिळतात. पहिल्या दिवशी जाग्रास आणि कुलु एवढेच घ्या. बारॉथच्या धडकेसमोर उभं करायची घाई नको; तो सरळ रेषेत धावतो, ती रेष कशी ओळखायची हे आधी दोन-चारदा बाजूला उभं राहून दाखवा, मग त्याला टॅप करू द्या.